अबुकीरचे उसने प्लग

१९३० सालचा मे महिना. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर नावाचे ठिकाण आहे. इतिहासप्रेमींना हे नाव १७९८ सालच्या लढाईमुळे ठाऊक असते. नेल्सनने फ्रेंच आरमाराची वाताहत केली ती याच उपसागरात. आज मात्र आपल्याला त्या लढाईशी कर्तव्य नाही. अबुकीरच्या हवाई तळावर सतरा वर्षांचा एक पारशी मुलगा आपल्या चिमुकल्या विमानाजवळ अडकून पडला आहे. विमान धड आहे, पेट्रोल मिळू शकते, हवाही अनुकूल आहे. अडचण आहे ती बोटभर लांबीच्या एका वस्तूची: त्याच्या इंजिनाला हवेत स्पार्क प्लग आणि त्याच्याजवळ सुटे प्लग नाहीत.

त्या मुलाचे नाव ॲस्पी इंजिनियर. आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर एकट्याने, सहा आठवड्यांच्या आत पार करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला ते मिळणार होते. तिघे जण स्पर्धेत होते. ॲस्पी इंग्लंडहून कराचीकडे निघाले होते. दुसरे मनमोहन सिंग (पुढे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत). तिसरे पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा, ते उलट दिशेने, कराचीहून इंग्लंडकडे चालले होते. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९२९ मध्ये, त्यांना हिंदुस्थानातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला होता.

दोघांची गाठ पडली ती अबुकीरला. जेआरडींनी विचारपूस केली, अडचण समजली आणि त्यांनी आपल्याजवळचे सुटे प्लग ॲस्पींना देऊन टाकले. प्रतिस्पर्ध्याला! ॲस्पींनी त्याच्या बदल्यात आपले लाइफजॅकेट त्यांना दिले, कारण जेआरडींना पुढे समुद्र ओलांडायचा होता.

खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु आजच्या धाग्यात मला दुसराच प्रश्न विचारायचा आहे. जेआरडींचे प्लग ॲस्पींच्या इंजिनाला चालले कसे? वरवर पाहता प्रश्न बावळट वाटेल. प्लग तो प्लग, त्यात चालायचे काय? पण १९३० साली हा प्रश्न कोणाही वैमानिकाला बावळट वाटला नसता. चुकीचा प्लग भूमध्य समुद्रावर किंवा इराकच्या वाळवंटावर इंजिनाचा पिस्टन वितळवू शकत होता. त्यामुळे ‘योग्य प्लग कोणता’ हा प्रश्न कसा घडत गेला, ते जरा सविस्तर पाहू.

सुरुवात पॅरिसची. १८६० साली एतिएन लेन्वार यांनी दिवाबत्तीच्या गॅसवर चालणारे इंजिन बनवले आणि सिलिंडरातला गॅस पेटवायला विजेची ठिणगी वापरली. ठिणगी पाडायची तर विजेची तार सिलिंडराच्या धातूला स्पर्श न करता आत न्यावी लागते. लेन्वार यांनी त्यासाठी चिनीमातीचे वेष्टण वापरले. मधोमध धातूची तार, भोवती विद्युतरोधक, त्याभोवती आट्यांचे धातूचे कवच: आजच्या प्लगची रचना मुळात तीच आहे.

असे असूनही पुढची चाळीस वर्षे ही कल्पना सरळ वाटेने गेली नाही. डाइमलर यांनी ठिणगीला रजा देऊन बाहेरून ज्योतीने तापवलेली नळी वापरली. कार्ल बेन्झ विजेलाच चिकटून राहिले, पण प्रज्वलन ही त्यांच्या लेखी सगळ्या अडचणींतली मोठी अडचण होती. राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी उडाले तेव्हा त्याच्या इंजिनात आजच्या अर्थाने स्पार्क प्लग नव्हतेच! सिलिंडराच्या आत दोन संपर्क उघडमीट करत आणि त्यांच्यामध्ये ठिणगी पडे. तोवर श्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ साली उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला होता. बॅटरीची गरज उरली नाही, सिलिंडराच्या आतली उघडमीट संपली आणि प्लगचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

प्लग बदलायचा म्हणजे काय बघायचे, हा प्रश्नही तेव्हाच जन्माला आला. पहिली कसोटी अगदी साधी: तो भोकात बसतो का? युरोपात मिलिमीटरचे आटे रुळत होते. अमेरिकेत फोर्डच्या मॉडेल टी गाडीने पाण्याच्या नळाला असतात तसे निमुळते, अर्ध्या इंची आटे वापरले. त्यामुळे एका खंडातला प्लग दुसऱ्या खंडातल्या गाडीला बसेलच असे नव्हते. आट्यांच्या जाडीइतकीच त्यांची लांबीही महत्त्वाची. आखूड प्लग लांब भोकात लावला, तर ठिणगी आडोशाला पडते आणि उरलेल्या मोकळ्या आट्यांत काजळी साचते. मग पुढच्या वेळी योग्य प्लगही धड बसत नाही. उलट लांब प्लग आखूड भोकात घातला, तर त्याचे टोक ज्वलनकक्षात डोकावते आणि काही इंजिनांत थेट पिस्टनवर आपटते. हा घोटाळा आजही होतो. दुकानात ‘असाच द्या’ म्हणून जुना प्लग न दाखवता मागितलेला नवा प्लग अनेकदा तेवढ्या एका बाबतीत ‘असाच’ नसतो.

आता खोक्यावरच्या नावाचे एक किस्सेवजा प्रकरण सांगतो, कारण ते मला फार आवडते. अल्बेर शाँपियों हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ साली पॅरिस–रूबे ही खडतर शर्यत त्याने जिंकली. पुढे तो अमेरिकेत गेला आणि त्याने आपल्या नावाची प्लगची कंपनी काढली. त्याचे भांडवलदारांशी बिनसले. तो बाहेर पडला, नाव मात्र कंपनीकडेच राहिले. तेच पुढे जगप्रसिद्ध झालेले ‘चॅम्पियन’ प्लग. बिचाऱ्याला नव्या कारखान्यातल्या मालावर स्वतःचे आडनावही छापता येईना. म्हणून त्याने नावाची आद्याक्षरे घेतली: ‘एसी’. म्हणजे बाजारातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी प्लग एकाच माणसाच्या नावाचे!

असो. भोकात बसणे ही पहिली कसोटी झाली. दुसरी कसोटी दिसत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. ती म्हणजे उष्णता.

ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातल्या वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते. प्लगचे टोक त्या भट्टीत बसलेले असते. ते सुमारे ४५० अंशांपेक्षा थंड राहिले, तर त्यावर काजळी आणि तेल जमते, वीज ठिणगी पाडण्याऐवजी त्या काजळीवाटे पळ काढते आणि इंजिन फडफडून बंद पडते. तेच टोक साडेआठशे-नऊशे अंशांच्या पुढे गेले, तर ते निखाऱ्यासारखे लाल होते. मग ठिणगीची वाट न पाहता मिश्रण त्या निखाऱ्यावरच पेटते. पिस्टन अजून वर येत असतो आणि स्फोट त्याला खाली ढकलू पाहतो. हे अकाली प्रज्वलन काही क्षणांत पिस्टनला भोक पाडू शकते. म्हणजे प्लगला जगायला जागा आहे ती जेमतेम चारशे अंशांची. इंजिन मंद चालो की सुसाट, त्याचे टोक या पट्ट्यातच राहिले पाहिजे.

टोकाची उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः विद्युतरोधकातून कवचात आणि आट्यांतून व वॉशरमधून इंजिनाच्या डोक्यात. म्हणून कारागिरांनी युक्ती केली. विद्युतरोधकाचे नाक लांब ठेवले, की उष्णतेला लांबचा रस्ता पडतो आणि टोक गरम राहते: हा ‘गरम’ प्लग. नाक आखूड केले, की उष्णता झटकन निसटते: हा ‘थंड’ प्लग. येथे नवशिके हमखास गोंधळतात. गरम प्लग गरम इंजिनासाठी नसतो. तो थंडपणे, संथ चालणाऱ्या इंजिनासाठी असतो. सुसाट, तापट इंजिनाला थंड प्लग लागतो.

याचे सर्वांत नाट्यमय दर्शन तिसाव्या दशकातल्या ग्रां प्री शर्यतींत घडे. मर्सिडीझ आणि ऑटो युनियन यांच्या रुपेरी गाड्या शेकडो अश्वशक्तीच्या. १९३७ची मर्सिडीझ आठ सिलिंडरांची, तर त्याआधीची ऑटो युनियन सोळा सिलिंडरांची. पूर्ण वेगात या इंजिनांना अतिथंड प्लग लागत. पण असे प्लग लावून सकाळी इंजिन सुरू केले, तर ते गरम होण्याआधीच प्लग तेलाने माखून जात. म्हणून यांत्रिक आधी ‘मऊ’ म्हणजे गरम प्लग लावून इंजिन तापवत. मग ऐन शर्यतीआधी हात भाजून घेत ते सगळे काढून ‘कडक’ प्लग बसवत. त्यानंतर चालकाने इंजिन रेंगाळू दिले, की प्लग गेलेच. एकाच इंजिनाला एकाच सकाळी दोन वेगळे ‘योग्य प्लग’ लागत. योग्य म्हणजे कोणत्या कामासाठी योग्य, हे त्या यांत्रिकांइतके कोणाला कळले नसेल.

आणि या कहाणीत हिंदुस्थान केवळ अबुकीरच्या तळावर येत नाही. तो प्लगच्या पोटातच आहे. सुरुवातीची चिनीमाती विमानांच्या आणि शर्यतींच्या इंजिनांत टिकत नसे, तडकत असे. केनेल्म ली गिनेस या आयरिश शर्यतपटूने त्यावर अभ्रकाचा उपाय काढला. मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या गिनेस घराण्यातला हा माणूस. लंडनजवळच्या पटनी व्हेल येथे एका जुन्या खानावळीच्या आवारात त्याने प्लग बनवायला सुरुवात केली. त्याच्या आद्याक्षरांचे ‘केएलजी’ प्लग पहिल्या महायुद्धात विमानांसाठी मोठ्या संख्येने तयार झाले. १९२२ साली ब्रुकलँड्सच्या मार्गावर सनबीम गाडीतून ताशी सुमारे २१५ किलोमीटरचा जागतिक विक्रमही त्याने केला.

अभ्रक ना जळते, ना तडकते, ना वीज वाहू देते. जगातल्या उत्तम पत्री अभ्रकाचा मोठा भाग येई तो तेव्हाच्या बिहारमधल्या कोडर्मा आणि गिरिडीह भागातून. माणकासारख्या लालसर झाकेमुळे त्याला ‘रूबी’ अभ्रक म्हणत. त्याचे कागदाहून पातळ पापुद्रे काढण्याचे काम यंत्राने जमत नसे. ते खाणींजवळच्या गावांत बायका आणि मुले बसून हातातल्या सुरीने करीत. विक्रमवीरांची आणि वैमानिकांची नावे इतिहासात राहिली. ज्यांच्या बोटांनी पापुद्रे सोलले त्यांची नोंद कोठे सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात हे अभ्रक दोस्त राष्ट्रांना इतके मोलाचे झाले, की त्याच्या खरेदीसाठी ब्रिटिश आणि अमेरिकन सरकारांनी हिंदुस्थानात संयुक्त अभ्रक मिशन स्थापन केले. अर्थात तोवर अभ्रकाची मोठी गरज रेडिओ आणि रडारसाठी होती. प्लगमधले त्याचे दिवस भरत आले होते.

त्याचे कारण शिसे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिज्ली यांना असे आढळले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग अगदी थोडे मिसळले तर इंजिनातली ठकठक थांबते. त्यामुळे इंजिनांतला दाब वाढवता आला, विमाने अधिक ताकदवान झाली. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात लढलेल्या स्पिटफायर विमानांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले ते यामुळेच. (या शिशाने पुढे जगभरच्या हवेचे काय केले, तो वेगळ्या धाग्याचा विषय.) पण शिशाच्या संयुगांपुढे अभ्रक टिकेना. जर्मनीत सीमेन्सने अतिशय उच्च तापमानाला भाजलेल्या ॲल्युमिनाचा विद्युतरोधक तयार केला, इंग्रजांनी आपापल्या नावांनी तसेच पदार्थ काढले आणि अभ्रक मागे पडले. आज आपल्या दुचाकीच्या प्लगवर दिसणारा पांढराशुभ्र भाग हा त्याच ॲल्युमिनाचा.

शिशाचा त्रास मात्र संपला नाही. युद्धानंतरच्या अमेरिकेच्या बी-३६ या अवाढव्य बॉम्बर विमानाला सहा पिस्टन इंजिने होती, प्रत्येकाला २८ सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडराला दोन प्लग. गुणाकार करून पाहा: ३३६. लांब पल्ल्याच्या संथ उड्डाणात त्यांवर शिसे साचे आणि जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांना ते बदलत बसावे लागे. आपल्याकडे एक प्लग बदलायला कुरकुरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता तुमच्या-माझ्या गाडीकडे येऊ. उष्णता-श्रेणी डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा ती आकड्याने सांगावी लागते. बॉशने जुन्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड अशी गणना ठेवली होती. पुढे त्यांनीच पद्धत बदलली आणि लहान आकडा म्हणजे थंड असे झाले. चॅम्पियनचेही तसेच. जपानची एनजीके कंपनी १९३६ साली नागोयात सुरू झाली. तिचे मूळ घराणे चिनीमातीच्या बशा-कपांचे. तेथून विजेच्या खांबांवरचे चिमणे आणि त्यांतून प्लग, अशी तिची वंशावळ. त्यांच्याकडे मोठा आकडा म्हणजे थंड. तेव्हा एका कंपनीचा ७ आणि दुसरीचा ७ यांत काही नाते असेलच असे नाही. गणिताने एकाचा दुसरा काढता येत नाही. कंपन्यांनी छापलेला तुलनेचा तक्ताच पाहावा लागतो. आकड्यांच्या मधली अक्षरेही शोभेची नसतात. कोठे ती आट्यांची जाडी सांगतात, कोठे लांबी, तर एनजीकेच्या क्रमांकातले ‘आर’ अक्षर आत रोधक बसवल्याचे सांगते. ठिणगी ही मुळात छोटा रेडिओ प्रक्षेपकच असते आणि रोधक नसेल तर ती शेजारच्या रेडिओत किंवा गाडीच्या संगणकात खरखर माजवते.

बजाज चेतक १९७२ साली आली आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत प्लग हा शब्द पोहोचला. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच तेल, काजळी ठरलेली. आमच्या घरच्या स्कूटरच्या डिकीत प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि कागदात गुंडाळलेला एक सुटा प्लग कायम असे. स्कूटर सुरू झाली नाही, की आधी ती आडवी करायची, मग प्लग काढायचा. टोक काळे आणि ओले असेल तर पुसायचे, घासायचे. पांढरे फटक असेल तर मात्र वडील गंभीर होत. प्लग फार तापतोय, पेट्रोल कमी जातेय किंवा प्लगच चुकीचा आहे. बिस्किटासारखा तपकिरी रंग दिसला की समाधान. एकदा एका गॅरेजवाल्याने ‘हा जास्त चांगला, रेसिंगचा’ म्हणून थंड प्लग बसवून दिला होता. शहरातल्या पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांत तो आठवड्यातून दोनदा काळा होऊ लागला. थंड प्लगने गाडी वेगवान होत नाही. वेगवान केलेल्या गाडीला थंड प्लग लागतो, एवढेच. ही समजूत मात्र आजही तरुण दुचाकीस्वारांत घट्ट आहे.

तेव्हा प्लग बदलायचा असेल तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला क्रमांक घ्यावा, दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असेल तर तक्ता पाहावा, गॅप मोजावी आणि आधी हाताने फिरवून मगच पाना लावावा. २००३ पासून पल्सरसारख्या गाड्यांत एकाच सिलिंडराला दोन प्लग आले. तेथे दोन्ही एकदमच बदलावेत. एक नवा, एक जुना असे ठेवले तर जुना कधी दगा देतो तेही पटकन कळत नाही, कारण दुसऱ्याच्या जिवावर इंजिन चालत राहते.

दोन प्लगांची ही कल्पना पुण्याची नव्हे. विमानांत ती फार आधीपासून होती. एक मॅग्नेटो किंवा एक प्लग निकामी झाला तरी वैमानिकाला जमीन गाठता यावी, हा त्यामागचा हिशेब. म्हणूनच १९३० सालच्या त्या छोट्या विमानांतही चार सिलिंडरांना आठ प्लग होते.

आणि आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. जेआरडींचे प्लग ॲस्पींना चालले, कारण दोघेही डी हॅविलंड कंपनीचे जिप्सी मॉथ विमान उडवत होते. एकाच घराण्याचे, हवेने थंड होणारे, सुमारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन. तेच आटे, तीच लांबी, तोच ताप. अबुकीरला त्या दिवशी तुलनेचा तक्ता लागला नाही. जेआरडी दुसऱ्या बनावटीचे विमान घेऊन आले असते, तर त्यांच्या मनाचा मोठेपणा तेवढाच राहिला असता. प्लग मात्र कदाचित निरुपयोगी ठरले असते.

ॲस्पी पूर्वेकडे उडाले, जेआरडी पश्चिमेकडे. ॲस्पींनी कराची आधी गाठली आणि बक्षीस त्यांना मिळाले. पुढे ते हवाई दलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूच्या मैदानावर उतरले. त्या पस मॉथ विमानाचे इंजिनही जिप्सीच होते, फक्त उलटे बसवलेले. चार सिलिंडर, आठ प्लग.